निर्णयसाहाय्यक साधन (कर्करोगोपचार)

कर्करोगावरच्या एकाहून अधिक उपचारांपैकी आपल्याला कोणता हवा, हे ठरवताना रुग्णाला मदत करणारे संकेतस्थळ किंवा ॲप. उपचारांची तुलना, प्रत्येकाचे फायदे-तोटे आणि रुग्णाला स्वतःला कशाचे मोल अधिक वाटते याविषयीचे प्रश्न, असे त्याचे स्वरूप असते. निर्णय ते देत नाही. नावामुळे तसा गैरसमज मात्र होतो.

एकच उपचार उघडपणे सरस असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. पेच पडतो तो दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचत असतील तेव्हा. सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात फक्त गाठ काढून रेडिएशन घेतले काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांतून दिसले. प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कर्करोगासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत विभागणी केली होती. १५ वर्षांनंतर या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत मिळून ३ टक्क्यांहून कमी होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांच्या तक्रारी अधिक. यांतले काय सोसवेल, हे कुठल्याही तपासणी अहवालात लिहिलेले नसते.

शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांचा किती फायदा होईल याचा अंदाज देणारे ‘ॲडज्युव्हंट! ऑनलाइन’ हे जुने अमेरिकी संकेतस्थळ डॉक्टरांसाठी होते. २०११ पासून उपलब्ध असलेले ब्रिटनमधील ‘प्रेडिक्ट’ स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरतात. वय, गाठीचा आकार, ग्रेड, बाधित लसिकाग्रंथींची संख्या वगैरे भरले की केमोथेरपी किंवा संप्रेरक उपचार घेतल्यास अशा १०० स्त्रियांपैकी किती जणी आणखी जगतील, ते आलेखात किंवा चित्रांत दिसते. या ‘शंभरांपैकी किती’ला फार महत्त्व आहे. ‘मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी घटतो’ हे ऐकायला भरघोस वाटते. प्रत्यक्षात १०० पैकी ४ मृत्यूंऐवजी ३ एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय आपण त्या शंभरांतल्या कोण, हे गणित सांगत नाही.

साधनांच्या दर्जाचे निकष ठरवण्यासाठी २००३ मध्ये ‘इप्डास’ हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. विविध आजारांसाठीच्या अशा साधनांवरील २०९ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. साधन वापरणाऱ्यांना पर्यायांची माहिती अधिक असते आणि धोक्याचा अंदाजही अधिक अचूक असतो, असे त्यात आढळले.

साधन ज्या रुग्णांच्या नोंदींवर उभे असते, त्यांच्याहून वेगळ्या रुग्णाला त्याचे आकडे लागू पडतीलच असे नाही. ‘प्रेडिक्ट’ तर शरीरात अन्यत्र पसरलेल्या कर्करोगासाठी नाहीच. नवी औषधे आली की जुने आकडे शिळे होतात. घरी एकट्याने माहिती भरताना ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत सहज होते. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते आणि स्टेज म्हणजे रोग किती पसरला ते. त्यामुळे ही माहिती पॅथॉलॉजीचा अहवाल समोर ठेवून, डॉक्टरांसोबत बसूनच भरलेली बरी.