आयनी द्रव, अल्पविषारी व पर्यावरणस्नेही

केवळ आयनांचे (विद्युत्‌भार असलेल्या अणूंचे वा अणुसमूहांचे) बनलेले आणि सुमारे १००° से. च्या खाली वितळलेले राहणारे लवण म्हणजे आयनी द्रव. खाण्याचे मीठ वितळायला ८०१° से. तापमान लागते. आयनी द्रवातील धनायन (धन विद्युत्‌भाराचा आयन) मात्र मोठा, कार्बनी आणि बेढब असतो. त्यामुळे स्फटिकात आयनांची घट्ट रचना होत नाही आणि वितळबिंदू उतरतो. १००° ही मर्यादा सोयीची आहे, निसर्गाने घातलेली नव्हे.

पहिला आयनी द्रव कोणता, याबद्दल मतभेद आहेत. पाउल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेल्या एथिल अमोनियम नायट्रेटला (वितळबिंदू सुमारे १२° से.) बहुतेक ग्रंथकार हा मान देतात. पण गाब्रिएल व वायनर यांनी १८८८ मध्येच एथॅनॉल अमोनियम नायट्रेटची (सुमारे ५२–५५° से.) नोंद केली होती. व्याख्या काटेकोर लावली तर अग्रक्रम १८८८ कडे जातो. वाल्डेन मात्र कमी तापमानाला वितळणारी निर्जल लवणे विद्युत्‌संवाहकतेच्या अभ्यासासाठी मुद्दाम शोधत होते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे हे, की ही दोन्ही लवणे साध्या अमोनियम वर्गातील आहेत, आणि १८८८ चा धनायन तर आज सौम्य म्हणून निवडल्या जाणाऱ्या कोलीन या पोषकद्रव्याचा जवळचा नातलग आहे. मधल्या काळात संशोधन इमिडॅझोलियम (नायट्रोजनयुक्त पंचकोनी वलयाचा धनायन) लवणांकडे वळले. हवा व पाणी सोसणारी अशी लवणे विल्क्स व झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये तयार केली आणि तेथून या क्षेत्राचा विस्तार झाला.

आयनी द्रवांचा बाष्पदाब नगण्य असतो. ते हवेत उडून जात नाहीत, सहसा पेट घेत नाहीत. एवढ्यावरूनच त्यांना ‘हरित विद्रावक’ म्हटले जाऊ लागले. हे अनुमान घाईचे होते. हवेत न जाणारा पदार्थ सांडपाण्यावाटे नदीत जाऊ शकतो. हेक्झाफ्ल्युओरोफॉस्फेट हा ऋणायन (ऋण विद्युत्‌भाराचा आयन) असलेल्या द्रवाचे जलविच्छेदन, म्हणजे पाण्याशी क्रिया होऊन विघटन, झाले की हायड्रोजन फ्ल्युओराइड हा अतिशय घातक पदार्थ तयार होतो, हे २००३ मध्ये रॉजर्स व सहकाऱ्यांनी दाखवले.

विषारीपणाचे मोजमाप बहुधा प्रकाशमान सागरी जीवाणूंवर करतात. जीवाणूंच्या पाण्यात लवणाचे वाढते प्रमाण मिसळायचे, ठरावीक मिनिटांनी प्रकाश मोजायचा आणि तो ज्या प्रमाणाला निम्मा होतो ते टिपायचे. डॅफ्निया ही पाण्यातील पिसू आणि शैवाल यांवरही चाचण्या होतात. निष्कर्ष बऱ्याच अंशी जुळतात: धनायनाला जोडलेली अल्किल (कार्बन-हायड्रोजनची) साखळी जितकी लांब, तितका द्रव अधिक विषारी. साबणाच्या रेणूप्रमाणे ती पेशीपटलात घुसते व पटल विस्कटते. फार लांब साखळ्यांच्या बाबतीत ही वाढ थांबलेली दिसते. ऋणायनाचा वाटा सामान्यतः कमी असतो; फ्ल्युओरिनयुक्त ऋणायन हा अपवाद.

खरी अडचण पुढे आहे. आखूड साखळीचे इमिडॅझोलियम कमी विषारी असते, पण जीवाणू त्याला सहसा तोडू शकत नाहीत. ऑक्टिलसारखी (आठ कार्बनांची) लांब साखळी जीवाणूंना खाता येते, पण तीच जास्त विषारी. साखळीत एस्टर बंध (सहज तुटू शकणारा दुवा) घातला तर विघटन सुधारते व विषारीपणाही घटतो. तरी एस्टर तुटल्यावर उरलेले इमिडॅझोलियम वलय पाण्यात तसेच राहू शकते. म्हणून मूळ द्रवाइतकेच त्याच्या अवशेषांचेही परीक्षण व्हायला हवे. सुलभ जैवविघटनशील ठरण्यासाठी प्रमाणित चाचणीत २८ दिवसांत, ऑक्सिजनच्या खपावरून मोजलेले किमान ६०% विघटन अपेक्षित असते.

या कोंडीतून निघणारी सर्वांत आश्वासक वाट कोलीनची आहे. कोलीन हे शरीराला लागणारे पोषकद्रव्य असून त्याचे क्लोराइड कोंबडीखाद्यात सर्रास मिसळतात. कोलीन हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ॲमिनो अम्ल घालून पाणी काढून टाकले, की कोलीन-ॲमिनो अम्ल द्रव उरतो. उपपदार्थ केवळ पाणी. नैसर्गिक २० ॲमिनो अम्लांपासून आयनी द्रव करता येतात, हे ओनो यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले होते, मात्र त्यांचा धनायन इमिडॅझोलियम होता. वनस्पतींना कडकपणा देणारे लिग्निन विरघळवून पेंढ्यासारख्या शेतकचऱ्यातील सेल्युलोज मोकळा करण्यासाठी कोलीन-लायसिन द्रवाचा अभ्यास झाला आहे. श्यानता (दाटपणा) जास्त, उष्णता सोसण्याची ताकद कमी आणि हवेतील ओलावा ओढण्याची खोड, या त्याच्या मर्यादा. शिवाय कोलीन आहे म्हणून द्रव सौम्यच, असेही नाही. ऋणायनातील कार्बन साखळी वाढवली तर बुरशींवरील विषारीपणा वाढतो.

कोलीन क्लोराइड व युरिया यांचे १:२ मिश्रण ॲबट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही पांढऱ्या पुडी. एक ३०२° ला, दुसरी १३३° ला वितळणारी. एकत्र करून सुमारे ८०° ला ढवळत राहिले, की कडा ओलसर होतात, गोळा होतो आणि शेवटी पारदर्शक, काहीसा दाट द्रव हाती येतो. तो थंड झाल्यावरही द्रवच राहतो, कारण मिश्रणाचा वितळबिंदू १२° आहे. युरिया आयनरूपात नसल्याने काही तज्ज्ञ याला आयनी द्रव मानत नाहीत, आणि व्याख्येनुसार ते बरोबरच आहे. वापराच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकाच कुळातले समजले जातात. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत कोलीनवर्गीय द्रवांत डीएनए विरघळवण्यावर काम झाले आहे.