लाइव्ह रॉकवरील आगंतुक शिंपले

प्रवाळांच्या सागरी टाकीसाठी आणलेल्या लाइव्ह रॉकबरोबर न मागवताच आलेले द्विपुट मृदुकाय प्राणी. लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांचा सच्छिद्र चुनखडी दगड; जीवाणू, गुलाबी-जांभळे शैवाल, स्पंज आणि कृमी यांची त्यात वस्ती असते. अशा फुकट्या प्रवाशांना मत्स्यपालनाचे शौकीन ‘हिचहायकर’ म्हणतात. दगड पुष्कळदा पाण्याविना, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला जातो. वाटेत बरेच जीव दगावतात, पण शिंपला दोन्ही पुटे, म्हणजे कवचाचे दोन भाग, मिटून आतल्या ओलाव्यावर कित्येक तास तग धरतो.

कपारीत रुतून बसलेला, तपकिरी केसाळ सालीचा शिंपला बहुधा आर्क कुळातला असतो. त्याच्या प्रावाराच्या, म्हणजे कवचाखालच्या मांसल पडद्याच्या, कडेवर डोळे असतात. टाकीवर हाताची सावली पडली की तो चटकन मिटतो. एरवी दगडाचाच भाग वाटणारा हा जीव पहिल्यांदा लक्षात येतो तो बहुतेक याच हालचालीमुळे. कामा आणि स्पॉन्डिलस या शिंपल्यांचे एक पूट दगडाला सिमेंट केल्यासारखे जडलेले असते. लिथोफागा हा शिंपला दगड आतून विरघळवून बीळ करतो, त्यामुळे बाहेरून फक्त एक भोक दिसते. ट्रायडॅक्ना, म्हणजे महाशिंपल्याच्या गटातले पिल्लू, क्वचितच सापडते. त्याचा रंगीत प्रावार उजेडाकडे पसरलेला असतो.

हा भेद नीट कळायला हवा, कारण ट्रायडॅक्नाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर त्याचे बरेचसे पोट भरते. बाकीचे वर उल्लेखिलेले शिंपले पाणी गाळून त्यातल्या सूक्ष्म कणांवर जगतात. त्यांच्यासाठी दिवा कितीही भारी असला तरी उपयोग शून्य. रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळांच्या टाकीचे, पाणी स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) आणि गाळण्यांनी लख्ख ठेवलेले असते. पाळणाऱ्याला त्याचा अभिमान वाटतो आणि शिंपला उपाशी राहतो. उपासमार दिसत नाही, हीच खरी अडचण. शिंपला महिनोन्‌महिने उघडत-मिटत राहतो, आतले मांस आक्रसत जाते आणि एके सकाळी तो उघडाच राहतो. कवचाच्या कडेला नव्या वाढीची फिकट पट्टी दिसते का, हे पाहत राहणे ही भरवशाची तपासणी आहे.

खाद्य म्हणून नॅनोक्लोरोप्सिस, आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस अशा वनस्पतिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे, द्रावण देतात. नॅनोक्लोरोप्सिसच्या पेशी साधारण 2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, टेट्रासेल्मिसच्या त्याहून बऱ्याच मोठ्या. म्हणून मिश्रण बरे. थोडे-थोडे, वरचेवर द्यावे आणि तेवढा वेळ स्किमर बंद ठेवावा. पिपेट थेट तोंडाशी नेल्यास शिंपला दचकून मिटतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूला खाद्य सोडावे. नको असलेले कण तो बुळबुळीत द्रवात गुंडाळून बाहेर टाकतो. असे गोळे सारखे दिसू लागले तर खाद्य जास्त होत आहे.

शिंपला वाळूत ‘आरामात’ राहील म्हणून दगडावरून उपटणे ही हौशी माणसाची नेहमीची चूक आहे. आर्क ज्या चिवट धाग्यांनी दगडाला धरून असतो, ते ओढल्यास मुळाशी असलेल्या मांसाला इजा होते. हलवायचेच तर शिंपल्यासह दगडाचा तुकडा हलवावा.

पाण्याचा खारटपणा हजारी 35 भाग, तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस आणि कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम असावे. प्रवाळांना मानवणारे पाणी यांनाही मानवते. माशांच्या रोगांवरचे तांब्याचे औषध मात्र जीवघेणे ठरते. शत्रू कित्येकदा त्याच दगडातून आलेले असतात: खेकडे, मँटिस कोळंबी आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगायी. या गोगलगायी रात्री कवचाच्या कडेला बसून शरीरद्रव शोषतात. त्या चिमट्याने वेचाव्यात. मेलेल्या शिंपल्याभोवती जमणारे काटेरी कृमी सहसा मारेकरी नसतात, ते सफाईला आलेले असतात.

स्पर्श करूनही न मिटणारा शिंपला मेलेला समजावा. छोट्या टाकीत त्याच्या कुजण्याने अमोनिया वाढतो, म्हणून मांस लगेच काढावे. दगडाला जडलेले पूट उचकटायची गरज नाही. कालांतराने त्यावर गुलाबी शैवाल चढते.