टाके मागवण्यापूर्वी: कच्छमधील घरे व शाळांसाठी पावसाच्या पाण्याची साठवण

बडोद्याला आजव्याच्या तलावाचे पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून नळाने मिळत आले आहे, त्यामुळे वर्षभराचे पिण्याचे पाणी अंगणातल्या टाक्यात साठवावे ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना अपरिचित आहे. कच्छमध्ये पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलीमीटरच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत पडतो, आणि पुष्कळ गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तिथल्या बन्नी या गवताळ प्रदेशातले मालधारी, म्हणजे गुरे पाळणारे लोक, तळ्याच्या कोरड्या पात्रात ‘विरडा’ नावाची उथळ विहीर खणतात; जिरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि तेवढेच वरच्या वर उपसून घ्यावे लागते. कच्छमधील घरासाठी अथवा शाळेसाठी जे ग्राहक आमच्याकडून टाके बांधून घेतात, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे.

१ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. १०० चौरस मीटरच्या छतावर ३५० मिलीमीटर पाऊस धरला आणि सांडून-सुकून जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, तर २८,००० लिटर हाती येतात. हा आकडा पाहून ग्राहक तेवढ्याच मापाचे टाके मागतात, आणि मोठे टाके विकण्यात आमचा फायदा असला तरी आम्ही त्यांना थांबवतो. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी ७ लिटर धरले, तर रोज ३५ आणि कोरड्या २४० दिवसांना ८,४०० लिटर लागतात. १०,००० लिटरचे टाके त्यास पुरते आणि ते अवघ्या १२५ मिलीमीटर पावसात भरते, म्हणजे बऱ्याचशा दुष्काळी वर्षांतही भरण्याची आशा राहते. उरलेल्या पैशांत शेजारच्या घराचे टाके होऊ शकते. शाळेचा हिशेब मुलांच्या संख्येवर आणि शाळेच्या दिवसांवर वेगळा करावा लागतो.

खरी काळजी पहिल्या पावसाची घ्यावी लागते. आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्या पाण्याबरोबर उतरते. एका शाळेच्या गच्चीवरची जाळी आम्ही जूनमध्ये काढली, तेव्हा तिच्यात उत्तरायणातला मांजा कबुतरांच्या पिसांसकट गुंडाळलेला निघाला. १०० चौरस मीटर छत धुऊन निघायला निदान १०० ते २०० लिटर पाणी वाया घालवावे लागते. बाजारात यासाठी ११० मिलीमीटर व्यासाचा एक मीटर उभा पाइप बसवून देतात, पण त्यात जेमतेम साडेआठ लिटर मावतात. असा पाइप केवळ समाधानापुरता असतो. आम्ही २०० लिटरचे पिंप जोडतो आणि त्याच्या तळाशी पाणी व गाळ सोडायला तोटी देतो. पिंप भरले की पुढचे पाणी टाक्यात वळते. दोन पावसांमध्ये बरेच दिवस उघाड पडली, तर पिंप पुन्हा रिकामे करावे.

टाक्यात उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरते. झाकण घट्ट हवे, आणि जादा पाणी बाहेर पडण्याच्या नळीला बारीक जाळी हवी. सुरुवातीच्या एका कामात आमच्याच गवंड्याकडून ती राहून गेली आणि महिन्याभरात टाक्यात डासांच्या अळ्या झाल्या. पाणी बादली सोडून न काढता हातपंपाने काढावे. गच्चीवर डांबराचा थर असेल, तर तेथील पाणी पिण्यासाठी घेऊ नये. चायना मोझॅकची, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवलेली, गच्ची उत्तम. पावसाचे पाणी मृदू असल्याने डाळ लवकर शिजते, हे गृहिणींच्या लगेच लक्षात येते, पण म्हणून ते निर्जंतुक समजू नये. ते उकळून अथवा क्लोरीन टाकून प्यावे आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

अंदाजपत्रकासाठी छताची लांबी-रुंदी, छताचा प्रकार आणि पाणी वापरणाऱ्या माणसांची संख्या कळवावी. सिमेंटच्या नव्या टाक्यावर किमान १४ दिवस पाणी मारावे लागते आणि कच्छमध्ये उन्हाळ्यात तेवढे पाणी टँकरनेच आणावे लागते, म्हणून बांधकाम आम्ही डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच करतो.