रेगूर म्हणजे चेर्नोझेम नव्हे

दख्खनच्या रेगूर, म्हणजे कापसाच्या काळ्या मातीला ‘उष्णकटिबंधीय चेर्नोझेम’ म्हणायची भूगोलाच्या पुस्तकांची सवय जुनी आहे. रंग सोडला तर दोघींत फारसं नातं नाही.

चेर्नोझेम हा रशियन शेतकऱ्यांचा शब्द. चोर्नी म्हणजे काळा, झेम्ल्या म्हणजे जमीन. रशियन मृदाशास्त्रज्ञ वासिली डोकुचाएव यांनी १८८३ मध्ये या मातीवर ग्रंथ लिहिला आणि बोलीतला शब्द शास्त्राची संज्ञा झाला. पुढे रशियन मृदाशास्त्रज्ञ ग्लिंका यांचं माती-वर्गीकरणाचं पुस्तक अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ कर्टिस मार्बट यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत आणलं. पॉडझॉल, सोलोनेट्झ ही मातीची नावंही अशीच रशियन पाहुणी. अमेरिकेने नंतर स्वतःच्या वर्गीकरणात अशा मातीसाठी ‘मॉलिसॉल’ हे नाव घेतलं. कॅनडाने आणि जागतिक वर्गीकरणाने मात्र चेर्नोझेम सोडला नाही.

खरी गंमत चेर्नोझेम काळी का होते, यात आहे. स्टेपमधल्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतल्या गवताचा मोठा भाग जमिनीखाली, मुळांच्या रूपात असतो. दरवर्षी मुळं मरतात, पण ती पूर्ण कुजवायला जिवाणूंना सवड मिळत नाही: हिवाळ्यात जमीन गोठलेली, उन्हाळ्याच्या शेवटी कोरडी ठाक. वितळलेल्या बर्फाचं पाणी चुना थोडाच खाली नेतं, त्यामुळे कॅल्शियम मुळांच्या आवाक्यात राहतं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात. चिकणमातीचा कण आणि ह्यूमसचा, म्हणजे कुजून उरलेल्या काळ्या सेंद्रिय पदार्थाचा, रेणू दोघेही ऋण, म्हणून तो दोघांना एकत्र धरतो. अशा जोडीतलं ह्यूमस शेकडो वर्षं टिकतं. वर गांडुळं आणि बिळं करणारे प्राणी माती खालीवर करतात. खड्डा खणून भिंत बघितली तर खालच्या फिकट थरात काळे गोल डाग दिसतात. ती बुजलेली बिळं. त्यांनाही क्रोटोविना हे रशियन नावच आहे.

रेगूरमध्ये स्मेक्टाइट, म्हणजे पातळ पापुद्र्यांची, पाण्याने फुगणारी चिकणमाती भरपूर, ह्यूमस थोडं. त्या पापुद्र्यांना घट्ट चिकटलेलं थोडंसं ह्यूमसही मातीला गडद रंग देतं. तुलना करताना एक चूक हमखास होते: आपल्या माती अहवालात सेंद्रिय कर्ब असतो, चेर्नोझेमचे आकडे बहुधा ह्यूमसचे. म्हणून सेंद्रिय पदार्थाचा आकडा काढायला कर्बाला आधी १.७२४ ने गुणायचं. ०.५ टक्के कर्ब म्हणजे ०.८६ टक्के सेंद्रिय पदार्थ. चांगल्या चेर्नोझेममध्ये ह्यूमस ६ ते ९ टक्के.

‘बाटलीभर ह्युमिक ओता, कर्ब वाढवा’ ही ह्युमिक आम्लाच्या द्रावणाची जाहिरातही याच हिशेबात तपासावी. एकरभर जमिनीचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण ८ लाख किलो भरतो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. लिटरभर द्रावणात एक किलोही नसतो.