६५ झाली की 'श्रावणबाळ' आपोआप?

नागपूरच्या महाल भागात सेतू केंद्रासमोर पासबुकं घेऊन उभ्या बायकांत एक गोष्ट हमखास ऐकू येते: "६५ झाली की लाडक्या बहिणीचे पैसे आपसूक श्रावणबाळमध्ये जातात." नाही जात, बाप्पा! लाडकी बहीण ६५ वर्षांपर्यंतच्या बायकांसाठी, अन् श्रावणबाळ म्हणजे ६५ पासूनच्या गरीब वृद्धांची सरकारी पेन्शन. रक्कम दोन्हीकडे महिना १५००, म्हणून हा घोळ. पण पहिली योजना महिला व बालविकास विभागाची, दुसरी सामाजिक न्यायची. अर्ज नव्यानं करावा लागतो, वयाच्या अन् उत्पन्नाच्या दाखल्यासह.

खरी मेख उत्पन्नात आहे. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं वर्षाचं अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळला २१ हजार, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार! त्यामुळे आज पैसे घेणारी उद्या पात्र ठरेलच असं नाही.