आत्याची डायरी आणि २५६ भोकांची किल्ली

सोलापुरी चादरीवरची नक्षी चादरीच्या आधी पुठ्ठ्यावर तयार होते. जेकार्ड मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जोसेफ मारी जाकार्डनं १८०४ च्या सुमारास बसवलेली ही रीत. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोन खुणांत मोर उमटतो, कमळ उमटतं, चौकटीची किनार उमटते.

फोनमधल्या खासगी डायरीला कुलूप घालणारी किल्ली म्हणजे असाच एक पुठ्ठा. त्यावर २५६ जागा, आणि प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. फक्त इथली नक्षी कुणी काढलेली नसते. जणू २५६ वेळा नाणं उडवावं, तशी ती फोन स्वतः ठरवतो.

हे मला मुळापासून समजून घ्यावं लागलं ते आत्यामुळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं फोनवर डायरी लिहायला घेतली. डोळ्यांना त्रास नको म्हणून बोलून टाइप करायची. १४ महिने तिनं फारसा खाडा केला नाही. मग फोन बिघडला आणि दुरुस्तीत पूर्ण रीसेट झाला. "सगळं इंटरनेटवर आहे, काळजी करू नकोस," असं मीच तिला सांगितलं होतं. नव्या फोनवर ॲप टाकलं, ईमेल आणि पासवर्ड बरोबर निघाले, चारशेच्या आसपास नोंदी उतरूनही आल्या. पण प्रत्येक नोंदीवर कुलूप. ॲप रिकव्हरी की, म्हणजे त्या किल्लीची जपून ठेवायची प्रत, मागत होतं आणि ती कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. आत्या म्हणाली, "अरे, पण लिहिलंय तर मीच ना?"

लिहिलं तिनंच होतं, पण किल्ली फोनमध्ये जन्मली आणि फोनबरोबर गेली. अशा डायरीतला मजकूर फोनमध्येच कूटबद्ध होतो आणि मग सर्व्हरवर जातो. कंपनीकडे पोचतो तो निव्वळ अक्षरांचा काला. म्हणून तर तिथल्या कर्मचाऱ्यालाही तो वाचता येत नाही, आणि म्हणूनच आपण अडचणीत आलो तर कंपनीलाही तो उघडून देता येत नाही. 'पासवर्ड विसरलात?' या बटणानं खातं उघडतं, नोंदी नाही. काही ॲपमध्ये पासवर्डपासूनच एक छोटी किल्ली बनते आणि तिच्या आत मोठी किल्ली बंद असते. तिथे पासवर्ड विसरला की दोन्ही गेल्या.

कुलूप कसं चालतं हे मात्र जगजाहीर आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच मांडलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी चालली पाहिजे, गुपित राहावी ती किल्ली. आज सर्रास वापरली जाणारी एईएस ही पद्धत बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी बनवली, अमेरिकेनं २००१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि तिची प्रत्येक पायरी कुणालाही वाचता येते. २५६ जागांच्या किल्ल्या होतात किती? ७८ आकडी संख्या. सेकंदाला एक अब्ज गुणिले एक अब्ज किल्ल्या लावून पाहणारं यंत्र असलं तरी सगळ्या लावून पाहायला १ वर ५१ शून्यं याहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय त्यापुढे १३.८ अब्ज वर्षं.

इथे चादरीचा दाखला एका जागी तुटतो. पुठ्ठे हरवले तरी चादर समोर ठेवून, धागे मोजून, कसबी माणूस पुठ्ठे पुन्हा पाडू शकतो. एईएसमध्ये ते जमत नाही. आत्याला काही नोंदी जवळजवळ तोंडपाठ होत्या. तरी मूळ मजकूर आणि त्याचं कुलूपबंद रूप शेजारी शेजारी ठेवून किल्ली काढता येत नाही. २५६ पैकी एक भोक जरी चुकलं, तरी थोडंसं बिघडलेलं मराठी मिळत नाही, सगळाच कचरा मिळतो.

तेव्हा किल्लीची प्रत हवीच. कशावर? घरगुती डायरीसाठी माझं मत कागदाच्या बाजूनं आहे, पण कागद कोणता हे सोलापुरात राहणाऱ्यानं नीट पाहावं. दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद उष्णतेनं काळा पडावा असाच बनवलेला असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत त्यावरचं काय वाचता येणार? इंकजेटची शाई पाण्यानं फुटते. लेझर प्रिंटरची पावडर टिकाऊ, पण ती मऊ प्लास्टिकच्या पिशवीला चिकटून निघू शकते. साधा जाड कागद आणि पेन्सिल याहून भरवशाची, कारण ग्राफाइट उडत नाही आणि फुटतही नाही. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. तो भार हळूहळू गळतो आणि उन्हाळ्यात जास्त गळतो. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पेन ड्राइव्हवर एकुलती एक किल्ली ठेवू नये.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्क्रीनशॉट. तो गॅलरीत पडतो, गॅलरी आपसूक क्लाउडवर चढते आणि फोटोतली अक्षरं आता शोधताही येतात. म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखं.

कागदाचे शत्रू वेगळे. सातासमुद्रापारचा चोर आपल्या ट्रंकेत हात घालू शकत नाही, पण दिवाळीची साफसफाई घालते. अर्थ न लागणारा कागद सरळ रद्दीत जातो. म्हणून पाकिटावर 'फेकू नये', तारीख आणि ॲपचं नाव लिहावं, लॉगिनचा पासवर्ड मात्र त्यात घालू नये. आणि डायरी नेमकी घरातल्याच कुणापासून जपायची असेल, तर पाकीट घरात नकोच.

एकच पाकीट हरवू शकतं, म्हणून दोन करावीत. पण प्रती वाढल्या की फुटण्याचे रस्तेही वाढतात. या कात्रीतून सुटायची एक देखणी वाट आदी शामीर या इस्रायली कूटतज्ज्ञानं १९७९ मध्ये दाखवली. समजा गुपित आहे ७. त्यातून जाणारी एक सरळ रेघ घ्यायची: दर पावलाला ४ नं वाढणारी. पहिल्या पावलावर ११, दुसऱ्यावर १५, तिसऱ्यावर १९. हे तीन आकडे तिघांना वाटून द्यायचे. ज्याच्याकडे फक्त ११ आहे त्याला काहीच कळत नाही, कारण एका बिंदूतून हव्या तितक्या रेघा जातात. पण कुठलेही दोघं एकत्र आले, समजा ११ आणि १९, की दोन पावलांत ८ वाढले, म्हणजे पावलाला ४, म्हणजे सुरुवात ७ पासून. प्रत्यक्षात मोठ्या आकड्यांचं वेगळं अंकगणित वापरतात, म्हणजे एकट्या तुकड्यातून गुपिताचा अंशही झिरपत नाही. एक तुकडा घरात, एक लॉकरमध्ये, एक बहिणीकडे. कुठलाही एक गेला तरी चालतं आणि चोरीला गेला तरी चालतं.

कल्पना मला फार आवडते, पण आत्याला मी ती सुचवली नाही. तुकडे जोडायला तेच सॉफ्टवेअर दहा वर्षांनी हाताशी लागतं, आणि तेव्हा तुकडा म्हणजे काय हे सांगणारं कुणी असावं लागतं. तिच्यासाठी दोन बंद पाकिटं पुरेशी होती.

नव्या डायरीचं ॲप किल्ली २४ इंग्रजी शब्दांत देतं. २०४८ शब्दांची ठरलेली यादी, आणि २०४८ म्हणजे ११ वेळा दोनाचा गुणाकार, त्यामुळे एका शब्दात ११ जागा मावतात. २४ शब्दांच्या २६४ झाल्या. २५६ किल्लीच्या आणि उरलेल्या ८ पडताळणीच्या. यादी अशी निवडली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. तीच किल्ली आकडे-अक्षरांत लिहिली तर आठाचा आकडा आणि इंग्रजी 'बी' यांची गफलत होणारी ६४ चिन्हं होतात, ती हातानं उतरवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आत्यानं शाळेतल्या वळणदार अक्षरात, क्रमांक घालून, दोन कागद लिहिले.

ते पाकिटात घालण्याआधी माझ्या जुन्या टॅबवर ॲप टाकून मी तिला कागदावरून शब्द भरायला सांगितलं. ॲपनं किल्ली नाकारली. कुठला शब्द चुकला हे पडताळणी सांगत नाही, फक्त काहीतरी चुकलंय एवढंच कळतं. फोन चालू होता म्हणून मूळ शब्द समोर तरी होते. एकेक ताडून पाहताना सतराव्या शब्दावर सापडलं: 'वुड'च्या जागी तिनं 'वुल' लिहिलं होतं, दोन्ही कागदांवर. दोन्ही शब्द यादीत आहेत.

तिनं दोन्ही कागद फाडले आणि नव्यानं लिहिले. पुन्हा शब्द भरले आणि टॅबवर तिची पहिली नोंद उघडली. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, आणि ते पहाटे साडेतीनला आलं होतं. एक पाकीट लॉकरमध्ये गेलं, दुसरं ती बार्शीला बहिणीकडे स्वतः देऊन आली.