‘दुष्ट’ उदाहरणं : कुट्टकापासून कोडच्या चाचणीपर्यंत

अप्पा बळवंत चौकात प्रोग्रॅमिंगची पुस्तकं घ्यायला येणारी मुलं आनंदाश्रमावरून जातात, पण आत फारसं कुणी डोकावत नाही. संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या याच संस्थेनं १९३७ मध्ये भास्कराचार्यांची ‘लीलावती’ जुन्या टीकांसह छापली. तिच्या कुट्टकाच्या प्रकरणात एक उदाहरण आहे : २२१ ला कशानं गुणून ६५ मिळवले, तर बेरजेला १९५ नं निःशेष भाग जाईल? उत्तर ५. अकराशे पाच अधिक पासष्ट म्हणजे ११७०, आणि १९५ सक ११७०.

अज्ञात दोन, समीकरण एक आणि उत्तर पूर्णांकातच हवं. अशा समीकरणांना आज अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसचं नाव आहे. त्याला स्वतःला अपूर्णांकही चालत. पूर्णांकांचा हट्ट आपल्याकडच्या ज्योतिषगणितातून आला. ग्रहांचे फेरे पूर्णांकात मोजायचे, तर अमुक इतकी बाकी उरायला किती दिवस लोटले हे काढावं लागे. आर्यभटानं ४९९ मध्ये त्यासाठी रीत दिली. भागाकारामागून भागाकार करत मोठे आकडे कुटून बारीक करायचे, म्हणून कुट्टक. आलेले भागाकार एकाखाली एक मांडले की त्यांची ‘वल्ली’ होते, आणि खालून वर गुणत-मिळवत गेलं की उत्तर हाती येतं. कॉलेजात ‘विस्तारित युक्लिड’ म्हणून जे शिकवतात ते मूलतः हेच. कोडमध्ये दहाएक ओळींचं लूप.

मला मात्र त्या रीतीपेक्षा तिच्या आधीची अट जास्त महत्त्वाची वाटते. भास्कराचार्य सांगतात, आधी सामाईक भाजकानं छेद द्या. भाज्य (इथे २२१) आणि हार (१९५) ज्यानं भागले जातात त्यानं क्षेपक (६५) भागला जात नसेल, तर उदाहरणच ‘दुष्ट’, म्हणजे उत्तरच नसलेलं. वरच्या उदाहरणात ६५ च्या जागी ६६ घाला. २२१ आणि १९५ दोन्हींना १३ नं भाग जातो, ६६ ला जात नाही. एकेक आकडा घालून बघणारा प्रोग्रॅम जन्मभर फिरत राहील. नियम एका ओळीत खात्रीचं ‘नाही’ देतो. अशी समीकरणं सोडवणारी सॉफ्टवेअरं तपासताना सगळी मेहनत याच ‘नाही’पाशी येते. आलेलं उत्तर बरोबर आहे का, हे समीकरणात घालून शाळकरी पोरही सांगेल. उत्तरं एवढीच, आणखी नाहीत, हे कोण सांगणार?

वर्गाच्या समीकरणात प्रकरण अवघड होतं. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये ‘वर्गप्रकृती’ मांडली : एका वर्गाला दिलेल्या संख्येनं गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गच यावा. दोन उत्तरांपासून तिसरं घडवण्याची त्याची ‘भावना’ आजही कोडमध्ये जशीच्या तशी वापरतात. पुढे चक्रवाल पद्धत आली. ती आधी जयदेवाच्या नावानं आढळते, आणि ११५० च्या ‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी तिनं ६१ चं, म्हणजे दिलेली संख्या ६१ असलेलं, उदाहरण सोडवलं. त्याचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. फर्मानं १६५७ मध्ये हाच ६१ चा पेच आपल्या समकालीनांपुढे टाकला. पुढे ऑयलरनं गैरसमजानं या समीकरणाला पेलचं नाव दिलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

चक्रवालाची सुरुवात साधी आहे. पहिली जोडी ८ आणि १ : ८ चा वर्ग ६४, त्यातून १ च्या वर्गाची ६१ पट गेली, शेष ३. आता ८ मध्ये मिळवल्यावर ३ नं भाग जाईल आणि ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ असेल असा गुणक शोधायचा : ७. त्यावरून पुढची जोडी ३९ आणि ५, शेष उणे ४. हा गुणक शोधायला आत कुट्टकच लागतो. म्हणजे खालच्या फंक्शनमध्ये चूक असेल तर ती वर भलत्याच ठिकाणी दिसते. पुढच्या फेरीत -३९ ला ४ नं भागायची वेळ येते. बाकी पायथनमध्ये १ येते, सी++ मध्ये -३. एका भाषेतला कोड दुसरीत उतरवताना मी इथेच एक अख्खी रात्र घालवली आहे.

दुसरी फजिती याहून वाईट. चाचणी लिहिताना मी आकडे ‘डबल’मध्ये, म्हणजे दशांश अपूर्णांकांसाठीच्या प्रकारात, ठेवले होते. ६१ ची चाचणी हिरवी, म्हणजे पास. मग गंमत म्हणून समीकरणातल्या १ ऐवजी १० लिहिले, तरी हिरवीच! डबलमध्ये सोळा आकड्यांच्या आसपासच पूर्णांक नेमके राहायचे थांबतात. इथला वर्ग एकोणीस आकडी. त्या टापूत शेजारच्या दोन संख्यांमध्येच ५१२ चं अंतर असतं. तिथे एकाला कोण विचारतो? चौसष्ट बिटी पूर्णांक घेतले की ६१ निभावतो, पण फर्मानं ६१ सोबत दिलेला दुसरा आकडा, १०९, घातला की वर्ग एकोणतीस आकडी होतो आणि सी++ चा कोड बहुतेक वेळा चकार शब्द न काढता चुकीचं उत्तर देतो. म्हणून चाचणीच्या यादीत ६१ पुरत नाही, १०९ हवाच.

चक्रवाल दर वेळी उत्तरापर्यंत पोचतंच, याची सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९३० च्या सुमारास ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात दिली. या सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीची कित्येक दशकं पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. त्याच नियतकालिकात रामानुजननं १९१३ मध्ये वाचकांना दोन प्रश्न घातले होते. पहिला : २ च्या कोणत्या घातातून ७ वजा केले की वर्ग उरतो? ३, ४, ५, ७ आणि १५ हे घात पाच मिनिटांच्या कोडला सापडतात. शेवटचा म्हणजे ३२,७६८ उणे ७, १८१ चा वर्ग. सहावा घात नाही, हे नागेलनं सिद्ध केलं ते १९४८ मध्ये. दुसरा : कोणत्या संख्येच्या क्रमगुणितात (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांच्या गुणाकारात) १ मिळवला की वर्ग येतो? ४, ५ आणि ७. आणखी आहेत का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

अशा सगळ्या समीकरणांना पुरेल अशी एकच रीत मिळेल ही आशा १९७० मध्ये संपली. जर्मन गणिती हिल्बर्टनं १९०० मध्ये तीच मागितली होती. डेव्हिस, पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामावर शेवटची वीट बावीस वर्षांच्या मातियासेविचनं ठेवली : अशी रीत असूच शकत नाही. त्यामुळे आजची सॉफ्टवेअरं समीकरणाची जात ओळखून जातीप्रमाणे रीत लावतात. पायथनच्या सिंपाय या गणिती लायब्ररीत हे काम २०१३ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्यानं उभं केलं. थ्यूच्या, म्हणजे दोन अज्ञातांच्या तिसऱ्या किंवा वरच्या घाताच्या एका जातीच्या, समीकरणांसाठी पारी हे सॉफ्टवेअर आहे. आणि जिथे रीत नाही तिथे नुसता शोध. तीन घनांची बेरीज ४२ करणारे सतरा आकडी पूर्णांक २०१९ मध्ये सापडले, तेही जगभरच्या घरगुती संगणकांचे दहा लाखांहून जास्त तास खर्चून.

सिंपायला ओळखीबाहेरचं समीकरण दिलं तर ते ‘हे अजून लिहिलेलं नाही’ अशी त्रुटी देतं. रिकामा संच म्हणजे उत्तर नाही. माझ्या जुन्या कोडमध्ये दोन्हीला शून्य परत यायचं. आता तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि त्यातल्या ‘नाही’चं नाव मी ‘दुष्ट’ ठेवलंय.